निळा हात आणि राहून गेलेला गुडघा

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या उंचाड्या भाच्याचा, एक हात निळा असला तरी दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी प्रकृती बरी आहे ना? काकांचा गुडघा काय म्हणतो? मी सांगितलेले व्यायाम त्यांनी न कंटाळता चालू ठेवावेत. (गुडघ्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा समजावा.) इकडे आई मजेत आहे. दारावर लावायची पाटी तिनं करून आणली आहे आणि परीक्षा पास झाल्यावर मिळायची ती हाडांच्या डॉक्टरची पदवी तिच्यावर आत्ताच कोरून घेतली आहे. पाटी सध्या कपाटात असते आणि आई तिला रोज पुसते.

तुला ठाऊकच आहे, मला पहिल्यापासून मोठ्या हाडांचं वेड. मांडीचं हाड कसं, उचललं की काहीतरी उचलल्यासारखं वाटतं. हाताची हाडं म्हणजे किरकोळ सामान, ते शेवटी पाहू, असं म्हणत मी तीन वर्षं काढली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा आमच्या विभागातल्या मोठ्या बाई (दिवसभर तुटलेली बोटं शिवतात, म्हणून सगळे त्यांना बोटबाई म्हणतात) चहा पिता पिता सहज म्हणाल्या की हल्ली पेपरात हातावर बरंच विचारतात आणि मुलं नेमकं तेच गाळून येतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग वाचायला बसलो आणि मावशी, काय सांगू, भानच हरपलं. मनगटात नावेच्या आकाराचं एक हाड असतं. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. वाचनालयाच्या खिडकीशी ऊन सरकत होतं आणि मी त्या नावेत बसून कुठे कुठे जाऊन आलो. बोटांच्या बुडाशी एक टापू आहे. तिथं टेंडन (म्हणजे बोट ओढणारी दोरी) तुटलं तर पूर्वीचे सर्जन त्याला हात लावायला धजत नसत. त्या टापूत तर मी दोन दुपारी हरवलो. रस्त्यानं जाताना माणसांचे चेहरे दिसेनात, नुसते हात दिसू लागले. भाजीवाली शेंगा निवडून देत होती आणि मी तिच्या अंगठ्याकडे टक लावून उभा. तिनं विचारलं, भाजी नेताय की अंगठा?

आमच्यात पाठांतराची एक पद्धत आहे. आपल्याच हातावर आतलं सगळं काढायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधलं निळं पेन आणून मी डाव्या हातावर नसा, धमन्या, टेंडनं, तो टापू, सगळं काढलं. इतकं सुंदर चित्र माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सकाळी साबण झाला, स्पिरिट झालं, तेल झालं, चित्र ढिम्म. तेव्हा आठवलं, ही शाई बनवतातच मुळी धुतल्यावरही टिकावी म्हणून, नाहीतर कापायचं कुठे ते सर्जनला कळणार कसं?

परीक्षेच्या दाराशी पर्यवेक्षकांनी चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"हात आहे," मी म्हणालो.

"तो दिसतोय. त्याच्यावर काय आहे?"

"हाच. आतून."

त्यांनी प्लास्टरवाल्याला बोलावून माझा डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये गुंडाळायला लावला आणि उजव्यानं लिहा म्हणाले.

पहिलाच प्रश्न, वाकवल्यावर अडकणाऱ्या बोटाचा. सगळं पाठांतर बँडेजखाली. मी डोळे मिटले, तर समोर तुझा हात आला, शिवणयंत्रावरचा. अनामिका वाकते, अडकते, मग टक् करून सुटते आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून तू इकडेतिकडे बघतेस. (मी पाहिलं होतं.) नेफ्यात नाडीची गाठ अडकावी, तसंच ते असतं: टेंडनला गाठ येते आणि बोटाच्या बुडाशी तिचा बोगदा अरुंद पडतो. मी लिहीत सुटलो. ताप आला की कपाळावर यायचा तोच हा हात, हेही मनात येत राहिलं. ती झोप नव्हती आणि जागही नव्हती. एवढा सुखात मी कुठल्याच परीक्षेत नव्हतो. गुडघ्याचा मोठा प्रश्न मी, आपलाच आहे म्हणून, शेवटाला ठेवला होता. 'गुडघा' असा मथळा लिहिला, त्याखाली नीट रेघ मारली आणि घंटा झाली.

असो. लोभ आहेच, तो पाटीवर अवलंबून नसावा ही विनंती.

तुझा,
उंट

ता. क. निकाल लागला. (पत्राला बसलो त्याच्या आधीच लागला होता.) हातात मी सगळ्यांत पहिला आलो, बोटबाईंनी पाठ थोपटली. गुडघ्यात आपटलो, म्हणून एकूण नापास. आईला अजून माहीत नाही. आत्ताही ती पाटी पुसते आहे, मला इथून दिसतंय आणि माझा धीर होत नाही. तूच येऊन तिला सांगावंस, म्हणून हे एवढं लांबण लावलं. सांगताना तिचा हात हातात घे.

आणखी एक. येशीलच, तर ते बोट बोटबाईंना दाखवू. लहानसं ऑपरेशन असतं, बोगद्याचं तोंड जरा मोकळं करायचं, एवढंच. भिऊ नकोस, मी शेजारी उभा राहीन. या एका विषयात माझ्यावर विसंबायला हरकत नाही.

आणि काकांना म्हणावं, व्यायाम तूर्त बंद ठेवा.