आतल्या खोलीतलं नाव

सर, आज दुपारी जेवताना माझ्या भाचीनं एक साधा प्रश्न विचारला आणि घास माझ्या तोंडातच फिरायला लागला. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, लॅपटॉप घ्यायचाय. विंडोज बरं की लिनक्स, की सरळ मॅकच घ्यावा, हे तिला माझ्याकडून हवं होतं. तिच्या कुठल्याशा मित्रानं तिला आधीच सांगून टाकलंय, रोजच्या वापराला विंडोज, प्रोग्रामिंगला लिनक्स, आणि तू कशाला त्या भानगडीत पडतेस, तुला रोजच्या वापराचंच बरं. तिनं हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. पोरीला वाटलं, आत्याचं काही दुखतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, विद्यापीठाचं नाव तुमच्या डोळ्यांदेखत बदललं, आता शहराचंही बदललं, पण तुम्ही फळ्यावर आखलेले ते दोन रकाने कुणी पुसायला तयार नाही. म्हणून लिहायला बसले. तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना तुमचा गैरसमज नको.

उस्मानपुऱ्यातला तुमचा क्लास मला अजून जसाच्या तसा दिसतो. पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर मधोमध उभी रेघ मारता. डावीकडं डॉस. एक माणूस, एक मशीन, एका वेळी एक काम. पत्र टाइप करा, पगारपत्रक काढा, मशीन अडकलं तर बंद करून पुन्हा चालू करा. उजवीकडं युनिक्स. एकच मोठं मशीन, त्याला जोडलेले बरेच पडदे आणि कीबोर्ड, एकाच वेळी सगळे बसणार, आणि आत जायचं तर प्रत्येकाचं स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड, स्वतःची जागा. "हे रोजच्या वापराचं," डाव्या रकान्यावर खडू आपटत तुम्ही म्हणता, "आन् हे खरं. प्रोग्रामर व्हायचंय तं हे." क्लासही फळ्यासारखाच होता. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली फ्लॉपीवर चालणारी डॉसची मशीनं. काचेच्या दारामागं आतली खोली, तिथं एसी, तिथं युनिक्स, आणि दाराशी चपला काढून जायचं, कारण त्या मशीनला धूळ चालत नाही म्हणे. मी त्या उजव्या रकान्याकडं बघतच राहिले होते. मला प्रोग्रामर व्हायचं होतं. कुणी विचारलं असतं तर तिथल्या तिथं सांगितलं असतं. तुम्ही एकेकाला विचारत होतात, गणितात किती, वडील काय करतात, पुढं काय करायचंय. माझ्यापाशी आलात आणि काहीच विचारलं नाहीत. "तू बाहेर बस. लवकर नोकरी लागंल."

विचारायची गरजच नव्हती, कारण मी कोण ते तुम्हाला ठाऊक होतं. कन्नडच्या बाजूला तुमची जमीन. दरवर्षी पिकं निघाली की माझा बाप त्या जमिनीत मेंढरं बसवायचा. मेंढरं रात्रभर शेतात बसली की रानाला खत मिळायचं आणि त्याबदल्यात आम्हाला तुमच्या घरची ज्वारी मिळायची. ती घ्यायला मी बापाबरोबर यायचे. आम्ही अंगणात उभे राहायचो, तुमची आई पायलीनं ज्वारी ओतायची, पाणी वरून ओंजळीत मिळायचं. पुढं चराईला रानं उरली नाहीत, बापानं मेंढरं विकली आणि वाळूजच्या एका कारखान्यात वॉचमन झाला. तिथं त्यानं बघितलं की हापिसात कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईला साहेबसुद्धा अदबीनं विचारतो. म्हणून तो तुमच्याकडं आला. पागोटं हातात घेऊन क्लासच्या पायरीशी उभा राहिला. "मालक, पोरगी हुशार हाय. एवढं तिला शिकवा." तुम्ही म्हणालात, "अरे, मालक काय म्हणतोस, आता कोण मालक अन् कोण काय. धाड तिला." मला तेव्हा तुम्ही किती मोठे वाटलात सांगू. बाप परत जाताना मला म्हणाला, "मालकाचं मन मोडू नको बरं का." ते वाक्य मला पुढं फार महाग पडलं.

डॉसला मी नावं ठेवणार नाही. उलट तुमच्यापेक्षा ते जास्त सरळ होतं. फ्लॉपी घाला, मशीन चालू. तू कोण, कुठली, तुझा बाप काय करतो, काही विचारायचं नाही. वर्डस्टारमध्ये पत्र टाइप करून झालं की मी त्याच फ्लॉपीवरची प्रोग्राम लिहायची भाषा, बेसिक, उघडून बसायचे. ते तुम्ही बाहेरच्यांना शिकवत नव्हतात. पण ते तिथं होतं, कुलूप नव्हतं, तेव्हा मी आपली चुकत माकत शिकले. काचेपलीकडं आतली पोरं हिरव्या अक्षरांसमोर बसलेली दिसायची आणि त्यांच्या चपलांची रांग माझ्या खुर्चीपाशी असायची.

मग तो बंदचा दिवस. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होणार, उद्या होणार, असं चाललं होतं. शहर अगदी ताणलेलं, एसटीवर दगड पडलेले, दुकानं बंद. मी मावशीकडं राहायचे, क्लासपासून दोन गल्ल्यांवर. मनात आलं, आज कुणी येणार नाही, एखादं मशीन दिवसभर मिळेल. मावशी ओरडत होती, मी निघालेच. तुम्ही शटर अर्धं खाली ओढून आत एकटेच होतात. मला बघून आधी चिडलात. "येडी का काय तू? दगड बिगड लागला म्हंजे?" मग म्हणालात, "चपला बाहेर ठेवू नको. कोणी बघितलं तं क्लास चालू हाय समजून शटर वर करायला लावतील. आत घेऊन ये." अशी मी हातात चपला घेऊन पहिल्यांदा आतल्या खोलीत गेले. तिथला गारवा अंगाला लागला. चपला मी टेबलाखाली सरकवल्या.

बाहेरून घोषणा येत होत्या, मधेच पळापळ व्हायची, शांत व्हायचं. तुम्ही नामांतराच्या बाजूचे होतात. बैठकांना जायचात, त्यापायी घरात भांडलात, हे सगळ्या उस्मानपुऱ्याला माहीत होतं. त्या दिवशीही तुम्ही बोलत होतात. "अगं, नाव म्हंजे नुसती पाटी नसती. ज्याला दारात उभं केलं त्याला आत घेणं असतं ते." आणि बोलता बोलता तुम्ही कीबोर्ड ओढलात आणि माझं खातं उघडलंत. माझं नाव आणि आडनाव मिळून टाइप केलंत. मशीन आठच अक्षरं घेत होतं, म्हणून आडनाव अर्ध्यात तुटलं. "चालतंय," म्हणालात. मग एक आज्ञा दाखवलीत, या घडीला मशीनवर कोण कोण बसलंय ते सांगणारी. पडद्यावर दोन ओळी आल्या. वर तुमचं नाव, खाली माझं. एकाच मापाची हिरवी अक्षरं. मी ती आज्ञा पुन्हा दिली, पुन्हा दोन ओळी. तुम्ही हसलात. मग फाइलला परवानगी कशी लावायची ते शिकवलंत, कुणाला वाचू द्यायचं, कुणाला नाही. आणि छोट्या छोट्या आज्ञा एकीला एक कशा जोडायच्या, म्हणजे पहिलीतून जे निघेल ते दुसरीत जाईल. मला ते लगेच कळलं. मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या अरुंद तोंडातून ती एकेक सोडतात, तसंच होतं ते. तुम्ही एका कारखान्याच्या हजेरीची फाइल दिलीत आणि यातून सारखे गैरहजर असणारे काढ म्हणालात, आणि चहा ठेवायला गेलात. तुम्ही परत आलात तेव्हा उत्तर पडद्यावर होतं. एकाच ओळीत मी ते केलं होतं. तुम्ही कप हातात घेऊन ती ओळ वाचत राहिलात. "च्यायला," म्हणालात. "आतल्या पोरांना हे अजून जमंना. कोणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "तुम्हीच की, आत्ता." तो चहा आपण तिथंच बसून प्यालो, दोघंही खुर्चीवर. तुमच्या घरात मी कधी खुर्चीवर बसले नव्हते.

इथपर्यंत तुमच्यावर माझा काही राग नाही, सर. उलट इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बंद उठला. मी सकाळी लवकर आले, चपला दाराशी काढल्या आणि सरळ आत गेले. मला वाटलं, आता माझं खातं आहे. काय ती भाबडी समजूत! आतला एक पोरगा, मोठ्या कंत्राटदाराचा मुलगा, टेबलाखालची माती दाखवत होता. माझ्याच चपलांची होती ती. "सर, अंदर कौन आया था? ये मिट्टी देखो. मशीन खराब हुई तो?" मग त्याला मी दिसले. "ये अंदर क्या कर रही है?" सगळे तुमच्याकडं बघायला लागले. मीही बघत होते. तुम्हाला एकच वाक्य बोलायचं होतं. तिचं खातं आहे, एवढंच. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "काल धूळ पुसायला बोलावली होती तिला." आणि मला म्हणालात, "आलीच हैस तं तेवढी माती काढून घे."

मी माती काढली. मालकाचं मन मोडायचं नव्हतं ना! पुसून झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या पडद्यावर माझं नाव टाइप केलं, पासवर्ड दिला. मशीननं आत घेतलं नाही. पुन्हा दिला. नाही. तुम्ही ते सकाळीच काढून टाकलं होतं. विद्यापीठाच्या कमानीवरच्या नावासाठी घरच्यांशी भांडणारा माणूस माझं आठ अक्षरांचं नाव एक दिवससुद्धा ठेवू शकला नाही. तुम्ही मला ओळखलंच नसतं, मला काही येत नाही असं तुम्हाला खरंच वाटलं असतं, तर मी सोडून दिलं असतं. गावाकडं असं सोडून द्यायची सवय असते आम्हाला. पण तुम्ही बघितलं होतं. कप हातात धरून वाचलं होतं. सगळं बघून, समजून तुम्ही मला बाहेर काढलंत, आणि वर माती काढायला लावलीत. यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही मेलात म्हणून तर मुळीच नाही.

नोकरी मात्र तुम्ही म्हणाला होतात तशी लवकर लागली. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, स्टोअरमध्ये डॉसचं मशीन. तुमचं भाकीत खरं ठरलं याचाही राग येतो, कारण लोक म्हणतात, बघ, सरांनी तुझ्या भल्याचंच केलं. पुढं त्या कारखान्यात युनिक्सचं मोठं मशीन आलं. ते बसवायला पुण्याहून आलेली बाई दिवसभर एकटीच काम करत असायची. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसायला लागले. तिनं माझं आडनाव विचारलं नाही, काय येतं ते विचारलं. ती परत गेली तेव्हा ते मशीन माझ्या ताब्यात होतं.

आणि मग एक दिवस तुम्ही आलात. आमच्या कामगारांना ट्रेनिंग द्यायचं काम मागायला, आमच्या मॅनेजरकडं. केस पांढरे झालेले, बॅग तीच. मला मशीनच्या खोलीत बघून दारातच थबकलात, आणि मग मॅनेजरला म्हणालात, "ही आपल्या हातची पोरगी. युनिक्स मीच शिकवलं हिला." अगदी अभिमानानं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडावर सांगावंसं वाटलं, धूळ पुसायला बोलावली होती ना हो मला? पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. पहिली आज्ञा तुम्हीच शिकवली होती. एका माणसानं एकाच तोंडानं दोन गोष्टी बोलाव्यात आणि त्यातली आपल्या फायद्याची तेवढी खरी निघावी, याच्यासारखा संताप नाही. मी म्हटलं, "चपला बाहेर काढा, सर. इथं धूळ चालत नाही." तुम्ही निमूटपणे काढल्यात. तेवढ्यानं माझं समाधान झालं असं समजू नका. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं बापाकडून कळलं. तो मातीला जाऊन आला. मी गेले नाही.

भाचीला मी सांगितलं, दोन्ही टाक. एकाच मशीनवर विंडोजही राहतं आणि लिनक्सही, चालू करताना तुला हवं ते निवड. विंडोजवर सगळी दुनिया चालते, त्याला हिणवू नकोस. लिनक्समध्ये मशीन आतून कसं चालतं ते दिसतं, त्याला घाबरू नकोस. मॅक दिसायला छान आहे, तुझ्या बापाला परवडत असेल तर घे. पण तुला कुठलं झेपेल हे दुसऱ्या कुणी ठरवलं, तर त्याला माझ्याकडं पाठव. तिनं माझा लॅपटॉप उघडून बघितला आणि विचारलं, "आत्या, हे काय लॉगिनचं नाव? आडनाव मधेच तुटलंय. आता तर कितीही लांब चालतं." मी म्हटलं, राहू दे.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्या मुलांना देऊन काय उपयोग, त्यांच्यासाठी तुम्ही चांगलेच असाल. ते माझ्याच मशीनवर राहील, त्या तुटक्या नावाच्या खात्यात. तुम्ही टाइप केलेलं आणि दुसऱ्याच सकाळी पुसलेलं ते नाव मी प्रत्येक मशीनवर पुन्हा लिहिलं, आजपर्यंत. दुसरं घ्यायचं मनातच आलं नाही. हे पत्र माझ्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये म्हणून आत्ताच त्याला परवानगी लावली. आज्ञा आठवावी लागली नाही. बोटांना पाठ आहे, तुम्ही शिकवली तशीच.