बैठकीची खोली मंडळाला मिळणार नाही

मी, मनोरमा विष्णुपंत लिमये, वय वर्षे चौसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रागही आहे, परंतु रागावलेल्या बाईला मृत्युपत्र करता येत नाही, असे कायद्यात कोठे म्हटलेले नाही.

१. सांगलीचे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते टीव्ही, व्हीसीआर आणि जुन्या सिनेमांच्या सर्व कॅसेटींसह माझी विधवा भावजय गोदावरी हिला पूर्ण मालकीने द्यावे.

२. तिचा मुलगा सुमंत, राहणार सातारा, याला घरातले काही देऊ नये. मी जिवंत असताना त्याने बैठकीची खोली आणि कॅसेटी येथील चित्ररुची मंडळाला परस्पर कबूल केल्या. "आत्या, तुझ्याच नावाचा हॉल होईल!" आणि तुझी आई, मी विचारले. "तिला साताऱ्याला नेतो. स्वयंपाकघरात खाट टाकू. तिला सिनेमातलं काय कळतं?"

३. मंडळाला का नाही, तेही लिहिते. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात आम्ही काय पाहावे हे नन्स ठरवत. नंतर नोकरी आणि आईचे आजारपण. नावाजलेले जुने सिनेमे मी पाहू लागले ते निवृत्तीनंतर, मंडळात. तिथे अध्यक्ष हंबीरराव सिनेमाआधीच उभे राहून आम्हाला काय आवडायला हवे ते सांगत. एका परदेशी सिनेमात नायकाला पुरले आणि पुढच्याच दृश्यात तो दाढी करू लागला. मी म्हटले, रिळांचा क्रम चुकला.

"बाई, तुम्ही नवीन आहात. दिग्दर्शकानं काळ मोडलाय. आधी बघायला शिका."

सगळे हसले. जिन्यात प्रोजेक्टरवाला गुंडा हळूच म्हणाला, "बाई, रीळ माझ्याकडनंच मागंपुढं झालं. पण सायेब लय रंगात आलं, मग कशाला तोंड उघडा!"

पुढच्या सभेत मी हे सांगितले. हंबीरराव म्हणाले, "तरीही माझं विवेचन चुकत नाही." टाळ्या पडल्या. त्या दिवशी साताऱ्याहून आलेला सुमंतही टाळ्या वाजवत होता.

४. म्हणून व्हीसीआर घेतला. रविवारी दुपारी वहिनी आणि मी बसतो. खालची इंग्रजी अक्षरे मी तिला मराठीतून सांगते. तिला रडायला आवडते. मला रडवणाऱ्यांचा संताप येतो. "वन्सं, दगड आहात अगदी!" परवाच्या सिनेमाला जगाने डोक्यावर घेतले आहे, असे मी तिला बजावले. ती म्हणाली, "घेऊ देत. बाई मेली आणि कॅमेरा आपला खिडकीबाहेर बघत बसला. आधी कुणी तिचे डोळे मिटायला नकोत?" मी चहा निवेपर्यंत भांडले. मला अजून पटलेले नाही.

५. सुमंतला माझे मंडळाचे आजीव सभासदत्व द्यावे. त्याने पहिल्या रांगेत बसून हंबीररावांना ऐकावे.

६. मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये. माझ्या अभिरुचीवर तर कोणीही बोलू नये.

७. वहिनीला घरातून हलवण्याचा हक्क तिच्या मुलासह कोणालाही नाही. माझे आवडते सिनेमे पुसून त्या कॅसेटींवर तिने आपले रडके सिनेमे भरले, तरी तिला कोणी अडवू नये. मी असते तर अडवले असते. पण घर तिचे आहे.

सही: मनोरमा वि. लिमये
सांगली, ता. ९ नोव्हेंबर १९९४

बाईंनी हे वाचून आमच्यादेखत सही केली. त्यांच्यादेखत आम्हीही केली:
१. डॉ. मयूरी आठवले, सांगली
२. आप्पासो पाटील, तासगाव