हिरामण नाखवाचे मॅक्रो आणि स्मिता मोहितेवरचा शेरा

मी, हिरामण सिताराम नाखवा, वय वर्षे बावन्न, धंदा नोकरी, मूळ गाव मोरा, तालुका उरण, सध्या राहणार सिडकोचे रो-हाउस, नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र नाही, आणि दिवाळीनंतर ती उघडून बघायची असे डॉक्टरांनी ठरवले आहे. मी हे कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. घरात तर कोणी लिहूच देत नव्हते.

वकिलांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागा माझ्या मजकुराला पुरल्या नाहीत, म्हणून कलमांचे आकडे त्यांचे ठेवले आणि बाकीचे माझे लिहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम एक. राहते घर माझी पत्नी गोजरा हिचे. तिने ते वापरावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. मुलगा नामदेव याने त्यात 'पण' म्हणू नये. तिच्या पश्चात घर नामदेवचे. हे कलम लिहीत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेल्यावरचं सगलं लिवताव. आज मीठ कमी खायचं हाय, ते कोन लिवनार?" तिच्या समाधानासाठी नोंद करतो की आज मी मीठ कमी खाल्ले.

कलम दोन. प्रॉव्हिडंट फंड आणि विमा, निम्मे गोजराला, निम्मे नामदेवला. कागद कपाटात वरच्या खणात, चादरींखाली आहेत.

कलम तीन. मोऱ्याच्या बंदरावरच्या होडीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ पोपट याचा. मी मॅट्रिक होऊन मुंबईला कार्डांना भोके पाडायच्या नोकरीला लागलो तेव्हा पोपट धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "दर्या सोरून भोकं पारायला चालला!" आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाही. पुढे मात्र नारळी पुनव झाली की पहिली पापलेटे त्याने कधी चुकवली नाहीत. अबोला केव्हाच फिटला. त्याला हे तोंडावर सांगायचे राहिले, म्हणून लिहितो.

कलम चार. फ्लोचार्ट काढायची हिरवी प्लॅस्टिकची पट्टी आणि यंत्राच्या आज्ञांचे घडीचे पिवळे कार्ड, या दोन्ही वस्तू माझे सहकारी आणि तेरा वर्षांचे विरोधक रावसाहेब शेळके यांना. ते पट्टी कधीच वापरत नाहीत. म्हणूनच देतो.

विरोधाचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर खाते ठाणे-बेलापूर रस्त्यावर. यंत्र एका खोलीभर. त्याला प्रोग्रॅम आणि आकडे भोके पाडलेल्या कार्डांवरून द्यायचे. असेंब्लर नावाच्या, यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहीत असू. त्या भाषेत 'जर' नाही आणि 'नाहीतर'ही नाही. दोन आकड्यांची तुलना करायची आणि उडी मारायची: जास्त निघाले तर या ओळीवर, कमी निघाले तर त्या. पाचशे ओळींत शंभर उड्या. रावसाहेबांचा प्रोग्रॅम वाचताना माझी पाची बोटे पाच पानांत अडकलेली असत.

१९७५ साली मी याच्यावर मॅक्रो लिहिले. मॅक्रो म्हणजे एक शब्द. तो लिहिला की असेंब्लर त्याच्या जागी आपण आधी ठरवून दिलेल्या पाच-सात ओळी आपण होऊन घालतो. मी 'इफ', 'एल्स', 'एंड-इफ', 'डू-व्हाइल' असे शब्द बनवले. उड्या राहिल्याच, पण त्या शब्दांच्या आत गेल्या, आणि प्रोग्रॅम वरून खाली, माणूस बोलतो तसा वाचता येऊ लागला. मला इतका आनंद झाला की गोजराला बसवून बावीस पाने वाचून दाखवली. तिने ती ऐकली. संसारात तिने माझ्यासाठी खूप केले, पण एवढे एकच सांगितले तरी पुरे.

रावसाहेबांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "हिरामण, मशीन काय करतंय ते डोळ्यानं दिसाय पायजे. तुझ्या शब्दाच्या पोटात काय हाय, ते मला कसं कळायचं?" मी म्हटले, "पोटात मी घातलंय, म्हणजे बरोबरच असणार." हे वाक्य लक्षात ठेवावे.

कलम पाच. या मॅक्रोंबद्दल १९८० साली कंपनीने मला लाकडी शील्ड दिले. ते मी कोणालाच देत नाही. गोजराने ते चुलीत घालावे असे लिहिणार होतो, पण घरी गॅस आहे. तिने तिच्या मनाला येईल ते करावे.

कलम सहा. हे कलम लिहिता यावे म्हणून बाकीची लिहिली.

स्मिता गोटीराम मोहिते १९७७ साली आमच्या खात्यात आली. राहायला ऐरोलीला. कॉलेजात गेलेली घरातली पहिली. मी तिला शिकवले असे लोक म्हणतात. खरे म्हणजे तिला एकदा दाखवले की पुरत असे, आणि तिच्या प्रश्नांनी माझेच मॅक्रो सुधारले. माझ्या मुलाशी मी जितके बोललो नाही तितके तिच्याशी बोललो. नामदेव हे जाणतो आणि तिला ताई म्हणतो.

१९७९ साली स्टोअरचा प्रोग्रॅम मी तिच्याकडे दिला. रावसाहेबांच्या उड्यांवर तो आठ वर्षे बिनचूक चालला होता, तरी तो माझ्या मॅक्रोंमध्ये पुन्हा लिहावा हा हट्ट माझा. काम साधे: ज्या सुट्या भागाची शिल्लक संपली, त्याचे नाव खरेदी खात्याच्या यादीत छापायचे. तिने लिहिले: शिल्लक धन, म्हणजे शून्याच्या वर, असेल तर पुढे जा, नाहीतर नाव छाप. बरोबर लिहिले.

चाचणीच्या कार्डांत शिल्लक असलेले भाग होते आणि उणे शिल्लक असलेलेही होते. माल आधी उचलला आणि त्याची आवक मागाहून नोंदली गेली की तशी उणे शिल्लक दिसते. स्मिता म्हणाली, "सर, शून्य शिल्लकीचं एक कार्ड टाकू का टेस्टमध्ये?"

मी म्हणालो, "मॅक्रो चार वर्षं चालतायत ग. उगाच मशीनचा वेळ नको घालवूस."

तिने ते कार्ड टाकले नाही. मी चाचणी पास म्हणून सही केली.

दोन महिन्यांनी कारखान्याचा वार्षिक बंद आला. मुख्य पंपाचे सील बदलायचे होते आणि स्टोअरचा खण रिकामा निघाला. सीलची शिल्लक शून्य झाली होती, तरी त्याचे नाव यादीत आलेच नव्हते, म्हणून कोणी मागवले नव्हते. कारखाना तीन दिवस उशिरा चालू झाला. चौकशी झाली. जुना प्रोग्रॅम ठीक, नवा चुकीचा, नवा लिहिणारी स्मिता. तिच्या सर्व्हिस रेकॉर्डवर 'निष्काळजी, प्रोग्रॅमिंगच्या कामास अयोग्य' असा शेरा पडला आणि तिची बदली यंत्राच्या साठवणीच्या टेपा सांभाळायला टेपरूममध्ये झाली. चौकशीच्या टेबलाशी मीही बसलो होतो. शून्याच्या कार्डाची गोष्ट तिने काढली नाही आणि मीही काढली नाही.

दीड महिन्याने मी मॅक्रोने आतून तयार केलेल्या ओळी छापून घेतल्या. 'इफ' लिहिले की मॅक्रोला आतून उलट अटीची उडी बनवावी लागते: अट खोटी असेल तर हा भाग ओलांड. त्यासाठी प्रत्येक अटीसमोर तिची उलट अट मी एका तक्त्यात मांडली होती. 'जास्त'समोर 'जास्त नसेल'. 'समान'समोर 'समान नसेल'. पण 'धन'समोर मी 'ऋण' लिहिले होते. लिहायला हवे होते 'धन नसेल'. शून्य धन नाही आणि ऋणही नाही. मी शून्य विसरलो होतो. त्यामुळे शून्य शिल्लकीच्या वस्तूला उडी लागलीच नाही, आणि ती स्टोअरमध्ये आहे असे समजून यंत्र पुढे गेले. चार वर्षांत ती अट कोणी वापरली नव्हती. स्मिताने पहिल्यांदा वापरली.

मी तक्त्यातल्या त्या ओळीचे एक कार्ड बदलले आणि मिठाची गुळणी धरून बसलो. भीती नोकरीची नव्हती. रावसाहेब खरे ठरतील याची होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका हुशार मुलीची नऊ वर्षे टेपांच्या मांडण्यांत घालवली. तिची दोन वेळा बढती हुकली. ती अजूनही दर चौदा एप्रिलला खिरीचा डबा घेऊन घरी येते, गोजरा तिला सुकट बांधून देते, आणि मी तिला "बरं आहे ना?" विचारतो. मला त्या विचारण्याची लाज वाटते. माझे तिच्यावर फार प्रेम आहे आणि मी तिच्याशी नीच वागलो. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत.

म्हणून असे ठरवतो की वरील सर्व हकिगतीचे माझ्या सहीचे पत्र पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आहे, ते माझ्या मृत्यूनंतर तेरा दिवसांच्या आत नामदेवने कंपनीच्या साहेबांना नेऊन द्यावे आणि स्मितावरचा शेरा काढून घ्यावा.

कलम सात. मॅक्रोंचे मूळ रजिस्टर, दुरुस्त्यांसह, स्मिता गोटीराम मोहिते हिला.

पुरवणी. रविवार, नऊ ऑक्टोबर. आज सह्या करायच्या म्हणून रावसाहेबांना बोलावले होते. दुसरी सही शेजाऱ्यांची घेणार होतो. रावसाहेब येताना मला बघायला म्हणून स्मिताला घेऊन आले. ती खुर्चीत बसली आणि तब्येतीचे विचारू लागली. मी कलम सहाची पाने तिच्या हातात दिली.

तिने ती सावकाश वाचली. मग म्हणाली, "सर, हे मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"ऐंशीपासून. टेपरूममध्ये कामच नसायचं. जुन्या टेपवरून प्रोग्रॅम काढला, आतल्या ओळी छापून घेतल्या. शंका आली की आतलं छापून बघा, हे तुम्हीच सांगायचात. मग यंत्रात ठेवलेला मॅक्रो बघितला, तर तो दुरुस्त झालेला. खाली तुमची तारीख."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

रावसाहेबांकडे आज तेरा वर्षांचा हिशेब मिटवण्याची संधी होती. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, हे त्यांचे माझ्यावर उपकार. बोलली ती दारातून गोजरा.

"पोरगी नऊ वरसं थांबली. आनि तुमी आजून मरायची वाट बगताव?"

सबब कलम सहाचा शेवटचा परिच्छेद मी रद्द करतो. ते पत्र मृत्यूनंतर द्यायचे नाही आणि नामदेवने न्यायचे नाही. उद्या सोमवारी मी ते स्वतः नेतो.

कलम सातही रद्द. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकिलांनी बजावले होते. मी ते बोलून दाखवले तेव्हा स्मिता म्हणाली, "मग मला रजिस्टर देऊ नका सर. ते मला पाठ आहे. मला या कागदावर माझी सही पाहिजे."

वकिलांचा नियम रावसाहेबांनाही लागू, म्हणून कलम चारही रद्द, आणि त्यातल्या दोन्ही वस्तू मी आत्ताच, जिवंतपणी, त्यांच्या हातात दिल्या. रजिस्टरही दिले. "हे मी उघडायचं?" ते म्हणाले. मी म्हटले, "प्रत्येक शब्दाच्या पोटात बघा. अजून काही सापडलं तर मोठ्यानं सांगा." त्यांनी ते काखेत धरले आणि नाक पुसले.

शेवटी मी स्मिताला म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर चल. तुझ्यासमोरच सांगतो."

"नको सर," ती म्हणाली. "तुम्ही एकटे जा. साहेबांनी बोलावलं तर मी टेपरूममध्येच आहे."

वरील सर्व मजकूर, खाडाखोडीसह, माझा आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: हिरामण सिताराम नाखवा

साक्षीदार:
१. रावसाहेब शेळके, तुर्भे
२. स्मिता गोटीराम मोहिते, ऐरोली. कलम सहा वाचले. ते खरे आहे.

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: ९ ऑक्टोबर १९८८