सात नंबरची ओ

२ जानेवारी १९५६, सोमवार

मुंबईत येऊन आज तिसरा दिवस, आणि नोकरी लागलीसुद्धा! मॅट्रिक होऊन दोन वर्षं गावात माशा मारत होतो, तेव्हा आमचे बाबा म्हणत, हे कार्टं कुणाच्या कामाचं नाही. आता म्हणा! बकुळाताईच्या यजमानांनी, म्हणजे गुणाजी भावजींनी, शिवडीच्या तेलाच्या डेपोत माझ्यासाठी शब्द टाकला. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची एक खोली, तिच्यात आता आम्ही तिघं. ताईला चौथा महिना आहे. मला पाहून ती इतकी खुलली की बसल्या बैठकीला तीन भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण मला खायला लावलं. भावजी टाक्या साफ करणाऱ्या टोळीत आहेत. ताईनं बजावलंय, की यांना रोज संध्याकाळी धड घरी आणायचं काम माझं. एवढंच ना? मी हसून हो म्हटलं.

५ जानेवारी, गुरुवार

कामाचं लिहितो. डेपोत चाळीएवढ्या उंच लोखंडी टाक्या आहेत. टाकीतलं तेल काढलं की तळाशी काळा गाळ उरतो, तो माणसांनी आत जाऊन फावड्यानं उपसायचा. आत जायला बुडाशी दोन फुटांचं गोल भोक. रांगत जायचं, रांगत यायचं, दुसरी वाट नाही. आत गॅस असतो. तो चढला की माणूस आधी बरळतो, मग निजतो, आणि निजला की संपला. म्हणून भोकाशी एक जण वही घेऊन बसतो. दर दहा मिनिटांनी एकेकाला नावानं हाक मारायची, आतल्यानं ओ द्यायची, ओ आली की वहीत खूण. तो वहीवाला मी! म्हणजे मास्तरकीच, फक्त पोरं दिसत नाहीत. टोळीत तिघंच आहेत: भावजी, म्हातारा बुधाजी आणि अप्पा. तिघांचा ओ द्यायचा सूर आता मला पाठ झालाय. भावजींची ओ लांब, शेवटाला जरा वर चढणारी.

९ जानेवारी, सोमवार

तेल तपासणाऱ्या खोलीत चिंतामणराव म्हणून गृहस्थ आहेत, गिरगावचे, फार सज्जन. मी समजत होतो, तेल दगडातून पाझरतं. ते म्हणाले, छे! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक बारीक जीव मेले आणि तळाच्या चिखलात गाडले गेले. वारा लागला असता तर कुजून सुटले असते. पण वर चिखलाचे थरावर थर चढले, दाबानं आणि उष्णतेनं शिजून त्यांचं तेल झालं, आणि माथ्यावर दगडाचं झाकण बसलं. मग परवा परवा कुणीतरी वरून नळी घातली. हे सगळं ते चहा बशीत ओतता ओतता सांगत होते. माझा चहा मात्र तसाच राहिला. मेल्यावरही सुटका नाही म्हणजे काय!

भावजींना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे मॅट्रिकवाल्या, ते चिखलात मेले, मी गाळात जगतोय. भावकीच झाली की आमची!" रॉकेलनं हात धुतले तरी त्यांच्या अंगाचा वास जात नाही. ताई म्हणते, घरात टाकी नांदवतेय मी.

१४ जानेवारी, शनिवार

आज संक्रांत. टोळीत तिळगूळ वाटला आणि सात नंबरची टाकी उघडली. इराणचं कच्चं तेल तिच्यात तीन वर्षं पडून होतं.

दुपारी एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. मी हाका मारल्या तीन, ओ आल्या चार. बाहेर आल्यावर अप्पाला झापलं, की चेष्टा करू नकोस. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, मी एकदाच दिली. चिंतामणरावांचं म्हणणं, पत्रा आहे, आवाज घुमतो. मला पटलं होतं. पण आता लिहिताना आठवतंय, की घुमलेला आवाज मागून येतो. ही ओ भावजींच्या आधी आली होती. मी 'गुणाजी' पुरतं म्हणायच्याही आत.

१७ जानेवारी, मंगळवार

काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. आज लालबाग-परळ पेटलंय. गोळीबार चालू आहे, संचारबंदी लागली आणि डेपोचं फाटक बंद झालं. जे आत होते ते आतच. साहेब म्हणतात, बोट यायचीय, सात नंबर रिकामी हवी, नाहीतरी बसून काय करणार? भावजींना मोर्चात जायचं होतं, दिवसभर चडफडत होते. ताई घरी एकटी आहे. तिला निरोप धाडायला माणूस नाही. फार जीव लागून राहिलाय.

आज चौथी ओ तीनदा आली. मी कुणाला सांगितलं नाही. भेकड म्हणतील.

१८ जानेवारी, बुधवार

सगळं नीट लिहायचं.

अकराला चहासाठी बुधाजी आणि अप्पा बाहेर आले. भावजी म्हणाले होते, कोपरा उरकून येतो. दोघं परत आत गेले तेव्हा त्यांना भावजी दिसले नाहीत. त्यांना वाटलं, पलीकडच्या अंगाला असतील, ओ तर ऐकू येतेय. अंधारात कोण कुणाला बघतो? मी दर दहा मिनिटांनी हाक मारत होतो. ओ येत होती. लांब, शेवटाला वर चढणारी. मी खूण करत होतो.

दीडला दोघं बाहेर आले आणि म्हणाले, गुणाजी कुठाय?

अकरा ते दीड, वहीत त्यांच्या नावापुढे पंधरा खुणा आहेत. पंधरा. माझ्या हातच्या. मी नुसता आत डोकावलो असतो तर! मी गाढव खुणा करत बसलो.

१९ जानेवारी, गुरुवार

बॅटरी घेऊन दोनदा शोधलं. मीही आत गेलो. गोल, रिकामी टाकी. गाळ घोट्याएवढा. घोट्याएवढ्या गाळात सहा फुटी माणूस लपतो? फावडं उभं होतं, भिंतीला टेकवून.

साहेब म्हणतात, गडी भिंतीवरून उडी टाकून मोर्चात गेला. बुधाजी सात नंबरकडे पाठ करून बसलाय. त्यानं एवढंच सांगितलं, की आता त्याला हाक मारू नको.

मारली. बाहेर येऊन, एकदाच.

ओ आली.

२० जानेवारी, शुक्रवार

फाटक बंदच. आणि उघडलं तरी मी कुठं जाणार? ताईपुढे एकटा कोणत्या तोंडानं उभा राहू?

सकाळपासून भोकाशीच बसलोय. हाक मारतो. ओ येते. थांबवत नाही — ओ येतेय तोवर ते आहेत असं वाटतं. मला ठाऊक आहे ते नाहीत. तरी —

वहीत खुणा करतोय. कशाला कोण जाणे.

२१ जानेवारी, शनिवार

संचारबंदी दोन तास सैल झाली. ताई आली. नायगावहून चालत. हातात डबा, दोघांचा. पहारेकऱ्यानं दया येऊन तिला आत सोडलं.

मला सांगवेना. तिनं विचारलं, हे आत आहेत का? मी म्हटलं, ओ देतात. खोटं नव्हतं ते.

ती भोकाशी वाकली. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? आमच्या घरात कुणी घेत नाही. तिनं हाक मारली, "अहो —"

मी रोज नावानं बोलावत होतो. 'अहो' हे कुणाचंच नाव नाही.

आत जे जे होतं, त्या सगळ्यानं ओ दिली.

किती ते सांगता येत नाही. तळापासून छतापर्यंत. पत्रा थरथरत होता. आणि सगळ्या भावजींच्याच आवाजात. लांब, शेवटाला वर चढणाऱ्या.

मी कान झाकून घेतले. ताईनं नाही झाकले. डोळे पुसून ती हसली. म्हणाली, "आहेत की रे बाबू! किती तोंड भरून ओ दिली बघ."

दुपार

ताईला घेरी आली म्हणून पाणी आणायला गेलो. नळ वीस पावलांवर. परत आलो तर —

डबा आहे. चपला आहेत. भोकाच्या कडेला बांगडीची काच.

फाटकाकडे धावलो. संचारबंदी परत लागलीय. बुधाजी, अप्पा ती सैल होताच घरी गेले. पहारेकरी जागचा हलत नाही —

हाक मारायला तोंड उघडलं. मिटलं.

हाक मारली तर ओ येईल. तिच्याच आवाजात येईल. मग मला कसं कळणार —

आतून काही आवाज नाही. ती गप्प आहे. गप्प आहे म्हणजे अजून जिवंत आहे. हाक मारायची नाही. रांगत जायचं, हातानं चाचपून तिचा हात धरायचा, आणि —

रोजनिशी डब्यावर ठेवतो. कुणी आलंच, तर बाहेरून आम्हाला हाक मारू नका. ओ येईल, पण ती आमची —