सोमवारी आणून दे

महाड,
८ जुलै २०२४

तीर्थरूप मंजुआत्यास,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

कुशाबा कंडक्टरांच्या हाती पाठवलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पोचली. डबा धुऊन परत पाठवते आहे, त्यातच हे पत्र. फोन केला तर तुला रेंजसाठी सड्याच्या टोकाला जावं लागतं, आणि तिथे वाऱ्यात उभं राहून तू फक्त जेवलीस का एवढंच विचारतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

आता कामाचं. मी इंग्रजी सोडते आहे. निबंधलेखनाच्या तासाला सेजल मॅडमनी 'माझं गाव' या विषयावर एक पान लिहायला सांगितलं होतं. मी गाइडमधून हिरवीगार झाडं, खळखळणारी नदी आणि प्रेमळ माणसं उतरवून काढली. वीसपैकी तीन मिळाले. मॅडम म्हणाल्या, असं गाव जगात कुठेच नाही. महाडच्या मुली हसल्या. साहित्याच्या तासाला कवितेतली बाई कोणाची वाट पाहते आहे तेच मला कळत नाही, आणि बाकी सगळ्यांना ते कसं कोण जाणे कळलेलं असतं. वीस तारखेपर्यंत विषय बदलता येतो. इतिहास घेईन म्हणते.

मुंबईला पप्पांना विचारलं. ते म्हणाले, आत्याला विचार, तुझ्या बाबतीत आईबापांचं कधी चाललंय? तू तरी समजून घेशील. तूसुद्धा इंग्रजीतच नापास होऊन घरी बसलीस ना? आपल्या घराण्यातच ते नाही म्हणायचं.

इथे सकाळी तुझ्या बांगड्या वाजत नाहीत, त्यामुळे मला जागच येत नाही. घराची फार आठवण येते. आबांना नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
समीक्षा


कुडपण,
१२ जुलै २०२४

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

इतिहासबितिहास काही घ्यायचा नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तीन मिळाले ते बरोबर मिळाले. आपल्या गावात नदी कुठे खळखळते गो? पावसात ओढा बोंबलतो आणि बाकीचे आठ महिने मुका असतो. डोळ्यांनी पाहिलंस ते लिही. आबा धुक्यात बैल शोधायला निघतात, रानभर हाका मारतात, आणि बैल आधीच गोठ्यात येऊन उभा असतो, ते लिही. एका वाक्यात एकच गोष्ट ठेव. ज्या इंग्रजी शब्दांवर तुझा भरवसा आहे तेवढेच घे, थोडे असले तरी चालतील. लिहून झालं की मोठ्याने वाच आणि जिथे तुझाच श्वास अडेल तिथे खोड. त्या कवितेतल्या बाईचं म्हणशील, तर ती कुठे उभी आहे आणि तिच्या हातात काय आहे ते आधी बघ. वाट कोणाची ते मग आपोआप कळतं.

मी नापास झाले म्हणून मला काहीच येत नाही, असं समजू नकोस.

लावणी अर्धी उरकली. आबा रोज विचारतात, माझी नात तिकडं काय खाती, वाळली असंल, तिला म्हणावं इंग्रजीचं मरू दे, पोटभर जेव. मी त्यांना सांगितलं, इंग्रजीचं मरू द्यायचं नाय.

जेवायला बसताना तुझं ताट हाताला येतं. मग परत फळीवर ठेवते. सवय जायला वेळ लागेल.

आबांचे आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, तू अभ्यासाला लाग.

तुझी आत्या,
मंजुळा


महाड,
१८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

आबांच्या बैलाला वीसपैकी चौदा मिळाले, हे गणपतीत सांगितलंच होतं. आज जे लिहिते आहे ते तेव्हा माहीत असतं, तर घर पाहुण्यांनी भरलेलं असूनही तुला मागच्या पडवीत ओढून नेलं असतं.

काल मॅडमनी आम्हा पाच जणींना विभागाचं जुनं कपाट लावायला बसवलं. त्यात दर वर्षीची हस्तलिखितं आहेत. वर्गातले चांगले निबंध मुलांच्याच अक्षरात बांधून ठेवतात. खालच्या फळ्यांवरची पुरात गेली, वरच्या फळीवरची तेवढी राहिली. त्यातलं २००५-०६ सालचं उघडलं आणि मी तिथेच फरशीवर बसले. नाव वाचायची गरजच नव्हती. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून हे अक्षर मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरी वाचलं. मंजुळा येसाजी शेलार, प्रथम वर्ष. विषय, 'दहा वर्षांनंतरची मी'.

खिडकीशी एक टेबल. त्यावर तुझी पुस्तकं, कोणाला न विचारता घेतलेली. दिवसभर तू मुलींना शिकवून आली आहेस आणि चहा गार होईतो वाचते आहेस. संध्याकाळी दार वाजतं, तू उठून कडी काढतेस, आणि दारात उभी असते... बस, एवढंच. पुढे काहीच नाही. समासात लाल शाईने शेरा आहे की दारात कोण? शेवट हवा. सोमवारी आणून दे. खाली तारीख २१ जानेवारी २००६. अर्ध्या निबंधाला वीसपैकी अठरा दिले आहेत, आणि तेव्हाच्या सरांनी तुझ्या निबंधामागे एक कोरं पान बांधून ठेवलं आहे. बाकी कोणाच्या निबंधामागे नाही.

मी मॅडमना सांगून जुनं हजेरीपत्रक काढायला लावलं. जानेवारीनंतर तुझं नाव नाही. आत्या, तू नापास झालीच नव्हतीस. तू परीक्षेलाच बसली नव्हतीस.

मला गणित येत नाही असं तू नेहमी म्हणतेस. माझा जन्म त्याच सालच्या दहा जानेवारीचा. एकवीसमधून दहा वजा करता येतात मला.

तू इतकी वर्षं मला खोटं का सांगितलंस? आणि दारात कोण होतं?

लोभ आहे, पण आज थोडा रुसलेला आहे.

समीक्षा


कुडपण,
२१ सप्टेंबर २०२४

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

नाचणी निसवली आहे, कणसं दिसू लागली. डुकरं फार झाली आहेत, आबा दिवसभर राखणीला बसतात. त्यांचा गुडघा बरा आहे.

जुने कागद हुंगत बसायला तुला कॉलेजात पाठवलेलं नाही. तेव्हा मला शिंगं फुटली होती, लिहिलं काहीतरी. चहा गार होईतो वाचत बसणारी बाई या गावात कोणी पाहिली आहे का? तुझी सहामाही जवळ आली आहे, तिकडे बघ.

डबा यावेळी लवकर परत पाठव.

आत्या

ता. क. ते पान अजून कोरंच आहे का? सहज विचारते.


महाड,
२४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

कोरंच आहे. कडेने थोडं पिवळं पडलं आहे, पण शाई पसरत नाही. मी मागच्या बाजूला कोपऱ्यात टिंब काढून पाहिलं.

डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एक अर्ज ठेवला आहे. घरी राहून बी. ए. करता येतं. तास रविवारी असतात आणि आमच्याच कॉलेजात भरतात. जन्मतारीख, बारावीचं साल, सगळं मी भरलं आहे. इंग्रजीपुढे खूण केली आहे. सही तेवढी तुझी. शेवटची तारीख तीस, आणि अर्ज स्वतः येऊन द्यावा लागतो, मी भरून चालणार नाही. विचारून झालं आहे.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या टेबलाशी तू बसायची होतीस आणि बसले आहे मी, तेही गाइडमधून उतरवत. तुला स्थळं यायची तेव्हा मी तुझा पदर सोडायचे नाही, हे आपल्या घरी हसत हसत सांगतात. मीही हसायचे. आता ते आठवलं की मला नकोसं होतं. माझ्यामुळे तुझं सगळं गेलं, आत्या.

तू नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही. पण दारात कोण होतं ते एकदा सांग. माझा हक्क आहे.

तुझीच,
समीक्षा


कुडपण,
२७ सप्टेंबर २०२४

चि. समीक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळं गेलं असं पुन्हा लिहिलंस, तर तिथे येऊन कान पिळेन. जेव आधी.

शेवट मी ठरवला होता. दारात माझीच एक विद्यार्थिनी उभी असणार होती, वाचायला नेलेलं पुस्तक परत करायला आलेली. रविवारी घरी बसून लिहायचं आणि सोमवारी सरांना द्यायचं, म्हणून त्या शनिवारी वही घेऊनच गाडीत बसले. घरी पोचले तर दारात दादा. त्याच्या हातात गोधडीत गुंडाळलेली तू, अकरा दिवसांची. बाळंतपणानंतर वैशालीवहिनीचा ताप उतरत नव्हता, तिला मुंबईला न्यायचं होतं, खाली गाडी उभी होती. तुझी आजी तोवर राहिली नव्हती. दादा म्हणाला, दोन दिवस सांभाळ. वहिनी बरी होऊन उठायला दीड वर्ष लागलं, आणि मग ते न्यायला आले तेव्हा तू त्यांच्याकडे जाईनास. मीही तुला फार पुढे केलं नाही. खरं तेच लिहिते.

नापास झाले असं सांगितलं, कारण नापास म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. आणि या पोरीपायी मंजुळेचं शिक्षण गेलं, असं तुझ्या कानावर कोणी घालू नये म्हणून.

पण ओढ गेली होती असं नाही. दर जूनमध्ये नव्या दप्तरांच्या मुली गाडीत चढताना दिसल्या, की मी मागल्या दाराने रानात जायचे. तुझे निबंध कसे लिहायचे ते सांगताना हात शिवशिवायचा. बत्तीस वेळा तरी मी तो शेवट मनात लिहिला असेल, आणि दर वेळी दारात आधी दादा यायचा.

आबांना अर्ज वाचून दाखवला. ते म्हणाले, जा गो, नाचणी मी राखतो, मला काय धाड भरली हाय?

काल सही केली. मग एक पान लिहिलं, इंग्रजीत, वाक्यं लहान ठेवून. मोठ्याने वाचलं तेव्हा एका ठिकाणी श्वास अडला, पण तिथे खोडलं नाही. त्यात लिहिलं आहे की दारात एक मुलगी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. ते आणायला तिला अठरा वर्षं लागली.

हे पान मी कुशाबांच्या हाती देणार नाही. कॅलेंडर पाहिलं, तीस तारीख सोमवारी येते. पहिल्या गाडीने निघते आहे. ते कपाट किती वाजता उघडतात, तेवढं मॅडमना विचारून ठेव.

बाकी भेटीत.

तुझी आत्या,
मंजुळा येसाजी शेलार, प्रथम वर्ष