साडेबारा टक्क्यांचा लिनक्स

खांदा कॉलनी, पनवेल
माघ महिना, २००९

तीर्थस्वरूप सखूबाय यांस,

भावजय कमळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आमी सगळी खुशाल, तुमचे गुडघे कसे हायत ते कळवावं. जासईला थंडी ओसरली असेल, तरी पाय उघडे टाकून निजू नका. पत्र माझ्याच हातानं लिहितेय (तिसरीपर्यंतच्या शाळेनं दिलं तेवढ्यात), कारण फोन केला की तुमी तो जावयाच्या हातात देता, आणि दोन वर्सांत या घराला तुमचा पाय लागला नाय. पण बातमी अशी हाय की पोटात राहात नाय. बाय, तुमचा आवाज वाचला!

माझ्या धाकट्या मितेशच्या हळदीला तुमी धवले गायलात, ते थोरल्या कुंदननं कॉम्प्युटरात भरून ठेवले होते, आठवतं? सगळे सतरा. तुमच्यासारखी धवलारीण आता पंचक्रोशीत नाय, आणि वहीत तर एकही उतरवलेला नाय. दिवाळीनंतर त्या मशीनला व्हायरस लागला. चालू केलं की निळं तोंड करून गप्प बसायचं. दुरुस्तीवाला आला, दोनदा चहा प्यायला, आणि बोलला, सगळं उडवून नवीन टाकावं लागेल. मी बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

मंग कुंदननं एका मासिकाबरोबर फुकट आलेली चकती आणली. तिच्यात लिनक्स नावाचं काहीतरी होतं, त्याला म्हणे व्हायरस लागत नाय. कुंदन पंचेचाळीसचा झाला, कंटेनर यार्डात पन्नास माणसं त्याला घाबरतात, पण त्या चकतीपुढं पयलीतल्या पोरासारखा बसला. चकती घातली आणि काय सांगू, पडदा उजळला! मी टेबल स्वच्छ पुसलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्यानं पडद्यावर एकवीरा आईचा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर आई गायब. पुन्हा लावली, पुन्हा नारळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा गायब, तिसरा नारळ. (मी मनातल्या मनात कोंबडा बोलले. अजून फेडायचा हाय.) चौथ्या दिवशी त्याला उमगलं की लिनक्स घरात आलाच नव्हता. चकतीवरूनच चालत होता, पावण्यासारखा: ओटीवर बसला, जेवला, मशीन बंद झालं की पिशवी उचलून चालू लागला. त्याला घरात घ्यायचं बटण पयल्या दिवसापासून पडद्यावर होतं. तीन नारळांची चटणी खाऊन आमी कंटाळलो, तवा ते दिसलं.

बटण दाबलं तर मशीननं विचारलं, जुनं सगळं पुसून सगळी जागा नव्याला देऊ, का जुन्याला ठेवून नव्याला शेजारी थोडी देऊ? कुंदनचं नेहमीचं, घाई. पुसायच्या ओळीवर गेलाच होता. मी मनगट धरलं. "थांब मेल्या, यात सखूबाय कुठं ऱ्हाईल?" त्याला घामच फुटला. मंग मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, जागेची वाटणी मला शिकवू नको. सरकारनं आपल्या जमिनी घेतल्या तवा आपल्याला परत काय मिळालं? साडेबारा टक्के जागा. पावण्याला पण तेवढंच. पडद्यावर एक पट्टी होती, ती माऊसनं ओढली की हद्द सरकते (आपल्याकडं वीतभर बांध सरकला तर डोकी फुटतात). ऐंशी जीबीतले दहा दिले, हिशेब बरोब्बर. आता चालू केलं की दोघांची नावं दाखवतं, कोणाला उठवू विचारतं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत वाट बघतं. भला स्वभाव.

सतराच्या सतरा धवले दिसले, पण आवाज नाय! कुंदन आठ दिवस काळ्या पडद्यावर इंग्रजी ठोकत बसला, यार्डातल्या दोन रजा गेल्या. शेवटी परवा सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि पाठीमागून तुमी गायलात. बाय, भाकरी तव्यावर जळली, कोणी उलटली नाय. निशा, कुंदनची लेक, भिंतीला टेकून रडली. शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडं पावणी कधी आली? काय सांगणार!

तुमची,
कमळा

ता. क. आवाज का येत नव्हता ते कुंदनला सांगू नका. पूजेसाठी टेबल पुसताना स्पीकरची वायर माझ्याच हातून निघाली होती. परवा दिसली, तो आंघोळीला गेला तवा खोचली आणि गुमान भाकऱ्यांना बसले. त्याला वाटतंय त्यानं जिंकलं. वाटू द्या.

ता. क. दुसरा. ते मशीन कोणाला काढण्याआधी विचारतं तरी. हक्कसोडीच्या कागदावर तुमची सही घेतली तवा तुमाला कोणी विचारलं नाय. तुमचा भाऊ नुकता गेलेला, कुंदनला घाई, आणि मी आत चहा टाकत बसले. तो चहा तुमी घेतला नाय. त्याचं मनगट मी त्या दिवशी धरायला पायजे होतं.

ता. क. शेवटचा. निशाची हळद वैशाखात हाय. कुंदन बोलतो, कॉम्प्युटर लावू. पण सतराही धवल्यांत नाव मितेशचं! काकाच्या नावानं पोरीला हळद कशी लावू? नाव बदलायचं बटण लिनक्समध्ये पण नाय. आदल्या दिवशी कुंदन गाडी घेऊन येईल. हात जोडेल. लगेच हो बोलू नका, जरा ताटकळू द्या, मंग गाडीत बसा.