पुतणीला द्यायची चकमकीची बंदूक

मी, ल्युएला हॅफर, कै. क्लेटन हॅफर यांची पत्नी, राहणार ड्युशोर, सलिव्हन काउंटी, पेनसिल्व्हेनिया, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके ठिकाणावर आहे.

घर व सफरचंदांची बाग मुलगा डेल याला द्यावी.

माझी चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक पुतणी ट्विला हिला द्यावी. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा दीर मर्ल, कुरकुर करील. करू द्यावी.

नाताळानंतर आमच्या डोंगरात चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार चालते. क्लेटनने स्वतःची बंदूक घरी घडवली होती, दस्त्यावर पितळी नक्षीसकट. मला मात्र बर्फात पेटणारी हवी होती. दुकानदाराला म्हटले, "नक्षी राहू द्या, ठिणगी दाखवा." रिकाम्या बंदुकांचे चाप ओढून पाहिले. कारखान्यातली एक साधी बंदूक दर वेळी दारूच्या खळगीत भरपूर ठिणग्या पाडत होती. तीच घेतली.

मर्ल खो खो हसला. "वहिनी, हिच्यापेक्षा झाडूचा दांडा बरा!"

त्याच हिवाळ्यात आम्ही तिघे शिकारीला गेलो असताना क्लेटन कड्यावरून घसरला. मांडीचे हाड मोडले. बर्फ भुरभुरत होता, हाकांना उत्तर येईना. इशाऱ्याचा बार काढावा म्हणून त्याने चाप ओढला. त्याची बंदूक नुसती खटखटली.

"लू, तुझी काढ गं," तो कण्हत म्हणाला.

माझी पहिल्याच चापाला कडाडली. भरली, पुन्हा कडाडली. आवाजाच्या रोखाने मर्ल धावत आला आणि भावाला पाठुंगळी घेऊन खाली उतरला.

क्लेटन पुढे लंगडत चाले, पण दर हिवाळ्यात आम्ही डोंगरात गेलोच. दुपारी ओंडक्यावर बसून गार सँडविच खायचो. तो माझी बंदूक पुसत बसे, मी त्याच्या बंदुकीवरची नक्षी बघत बसे. तो गेल्यावर तसे दिवस पुन्हा मिळाले नाहीत.

क्लेटनची बंदूक मर्लला द्यावी. नक्षीतले हरीण दोघा भावांनी मिळून कोरले होते.

ट्विला, हंगामाच्या पहिल्या दिवशी बाबांना बरोबर ने. त्यांचे हात थरथरतात, बंदुकीत दारू तू भर. ते नको म्हणतील. गाडी चालू ठेवून दारात थांब.

हे मी वाचून, समजून सही केली.
ल्युएला हॅफर

आमच्यासमक्ष सही झाली :
ऑर्विल बेक, शेजारी
नॅडीन युट्झ, ग्रंथपाल

ड्युशोर, ९ जानेवारी २०११